घसारा

पेकालोंगानच्या उत्तरेला, मासळीबाजाराच्या मागं
बू वार्तिनाहचा बाटिकचा कारखाना.
मी बँकेचा माणूस. वर्षातून एकदा जातो,
फीत, कॅमेरा आणि पिवळा फॉर्म घेऊन.

पहिल्या वर्षी दारातून सरळ आत गेलो.
दुसऱ्या वर्षी केस घासले.
यंदा कपाळ आपटलं,
आणि ती आतून ओरडली, "वाका की जरा!
चौकट तीच आहे. जमीन वर आलीय."

आजवर चार भराव. दर खेपेला चार ट्रक माती.
खिडकीचा कट्टा आता बसायच्या उंचीवर आलाय.
मेणाची चूल विटांवर, विटा टेबलावर,
आणि बायका बाकांवर पाय वर घेऊन मेणरेघा ओढतात,
खाली कुणी झोपलंय आणि त्याला जाग येईल, अशा बेतानं.

इथं पाणी आभाळातून येत नाही.
कोरड्या ठणठणीत उन्हात येतं, गटारातून उलटं,
पौर्णिमेच्या आगेमागे,
ओळखीच्या वसुलीवाल्यासारखं, चपला न काढता.

भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत,
पोरांची उंची मोजतात तशा.
"हा मार्च. हा ईदनंतरचा.
या खुणेला सारपिन काम सोडून गेला, बुटांच्या फॅक्टरीत.
आणि ही बघा,
तीनशे वार कापड निळं व्हायचं ते गढूळ निघालं,
सुराबायाचा व्यापारी फोनवर नुसतं
हं म्हणाला."

आमच्या धंद्यात सांगतात, पाणी कुठं मुरतंय ते बघा.
मी बघतो. मुरत नाही ते.
शहरभरच्या बोअरनी जमीन आतून शोषून घेतलीय,
ती बसत चाललीय, म्हाताऱ्या गादीसारखी.
अंगणात वार्तिनाहचीही एक बोअर आहे.
रंग धुवायला गोडं पाणी लागतं.
"ते लिहू नका," ती म्हणाली.
मी लिहिलं नाही.

फॉर्मवर रकाने: यंत्रं, माल, येणी, घसारा.
पिंपांना घसारा आहे, इस्त्रीच्या टेबलाला आहे.
भरावाची माती साहेब खर्चात टाकायला सांगतात.
तारण: जमीन, एकशे ऐंशी चौरस मीटर.
कुठली जमीन?
ही वरची, की चार थर खालची,
जिच्यावर तिच्या सासूनं पहिलं कापड वाळत घातलं?

विम्याचं पत्र तिनं प्लास्टिकमध्ये जपलंय.
"वारंवार होणारे नुकसान वगळून."
"वारंवार म्हणजे किती वेळा?"
मी चहा प्यायलो. फार गोड होता.

निघताना फीत लावून दार मोजलं:
एक मीटर एकसष्ट.
"मला अजून पुरतं," ती हसली, आणि चौकटीखाली ताठ उभी राहिली,
फोटोसाठी राहावं तशी.
डोक्यावर तेरा सेंटिमीटर मोकळी हवा.

मुदतीच्या रकान्यात मी लिहिलं: पाच वर्षं.
खोडलं.
मोटारसायकलीवर बसून, सायलेन्सर पाण्याबाहेर आहे ना बघून,
पुन्हा तेच लिहिलं.