रफार

शुक्रवार पेठेतली आमची शाळा. व्हरांड्यात उद्देशिका,
कुणा पेंटरनं निळ्या ऑइलपेंटनं रेखलेली.
खालच्या तीन ओळी पुराच्या पाण्यानं नेल्या.
‘धर्मनिरपेक्ष’ वर होता, वाचला.
फक्त रफार नाही.
तिथं खिळा आहे.

दरवर्षी गॅदरिंगला त्याच खिळ्यावर पडदा:
वीणा, हंस, कमळ.
पुढं समई, नारळ, हार,
आणि पाहुण्यांची गाडी गंगावेशीत अडकलेली.
तोवर मुलं उन्हात, हात जोडून, डोळे मिटून.
लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं.

बिडकरांचा ओजस टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होता.
मी बोटानं दटावलं.
त्यानं हळूच बोट केलं
माझ्या डोळ्यांकडं.

माईकपुढं तहसीन शिकलगार.
वरचा सा तिच्याशिवाय कुणाला लागत नाही.
मांडव गप्प झाला. नारळवालाही थांबला,
हात तसाच वर धरून.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील आले.
सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात,
नखांत लोखंडाची काळी.
भांडायला नव्हते आले.
“बाई, लई ग्वाड म्हणली पोरगी.
तिला इचारलं हुतं न्हवं?”

मी हो म्हणाले.

यादी मीच केली होती.
नावापुढं लिहिलं होतं: आवाज उत्तम.
विचारायचा रकाना त्या कागदावर नव्हता,
माझ्या शाळेच्या वेळीही नव्हता,
आणि हे मला आजवर कधी
सुचलंही नव्हतं.

सोमवारी पडदा उतरला.
सहावी भिंत वाचत होती मोठ्यानं, एका सुरात,
आणि तहसीन अडखळली.
“धमनि... बाई, धमनी म्हणजे
हृदयातनं रक्त नेते तीच ना?”
आदल्याच आठवड्यात शिकवली होती,
लाल खडूनं.
तीच, म्हणाले. पुढं वाच.

मधल्या सुट्टीत स्टूल आणलं.
खिळा पक्कडीनं ओढला तर निम्मा गिलावा हातात आला.
निळा रंग नव्हता,
बाकांना लावून उरलेला तपकिरी होता.
रफार जरा अलीकडंच बसला,
ध आणि म यांच्या मधे कुठंतरी,
आणि एक ओघळ सुटला खाली.

हेडमास्तर आले. बराच वेळ
भिंतीतल्या भोकाकडं बघत राहिले.
“बाई, आता पुढच्या वर्षी पडदा
टांगायचा कशाला?”

मी स्टुलावर होते.
आधी ओघळ पुसून घेतला.