मसुदा

संचालक म्हणाले, मगरे, यंदा दोनशेचं टार्गेट.
मस्कतच्या मेळाव्यात आपला स्टॉल लागतोय,
माहितीपुस्तिका तुम्हीच लिहा,
तुमच्याइतकी ही पोरं दुसऱ्या कुणी पाहिली नाहीत.
लेणी टाका, मकबरा टाका,
एखादा हसरा आफ्रिकन चेहरा मुखपृष्ठावर.

लिहायला बसलो.
कूलर कोरडा, नळाचा आज सहावा दिवस.
तेच पहिलं वाक्य झालं:
आमच्या शहरात पाणी आठव्या दिवशी येतं,
ज्याच्या गच्चीवर मोठी टाकी, त्याच्याशी दोस्ती करा.
खोडलं.

एजंटाला पैसे देऊ नका.
तो म्हणेल वसतिगृह आहे. आहे की,
तीस खोल्यांचं.
बाकीच्यांना बेगमपुऱ्यात घरमालक आधी देश विचारतो,
मग भाडं सांगतो.
हेही खोडलं.

मग कपाटातून हानीची फाईल निघाली.
हानी अल-मकतरी, गाव तैझ, बी.फार्म.
'स्थानिक पालक' या रकान्यात
माझं नाव, माझ्याच अक्षरात.
चौदा दिवसांत पोलिसांकडे नोंद लागते
म्हणून घाईत लिहिलेलं,
दुसरं कुणी नव्हतं, एवढंच कारण.
पालकानं नेमकं काय करायचं असतं
ते मी कुणाला विचारलं नाही.

मराठी तो खानावळीत शिकला.
काकू, अजून एक भाकर, ठेचा नगं.
तिकडे लढाई पेटली, त्याच्या बापाची बँक बंद पडली,
इकडे दंड रोजचा पंचवीस रुपये.
पहिली नोटीस मी टाईप केली.
दुसरीही मीच.
तिसरी घ्यायला आला तेव्हा उभ्यानंच वाचली त्यानं,
माझ्या टेबलापुढे खुर्ची नव्हती तेव्हा,
आणि बोट ठेवून म्हणाला,
सर, माझ्या नावात र शेवटी येतो.
नोटिशीत शुद्धलेखन तपासणारा पहिलाच.
मी र जागेवर नेला.
दंड तसाच राहिला,
तो माझ्या हातात नव्हता, असं घरी सांगितलं.
बायको काही बोलली नाही, ताट वाढलं.

पुढं तो जिबुतीला गेला म्हणतात,
कुणी म्हणतं मलेशियाला.
पदवी त्याची इथंच, प्लास्टिकच्या कव्हरात,
येणे बाकी चार हजार तीनशे पन्नास.
दर मार्चला कपाट आवरताना
ती वरच्या कप्प्यातून खाली येते,
खालच्यातून वर जाते.
तेवढाच तिचा प्रवास.

सर, दोनशे आणू.
आणायला काय, मेथीही आणता येते बाजारातून ढीगभर,
पण दुपारी तिच्यावर पाणी कोण शिंपडणार
ते आधी ठरवू.
हे वाक्य मी खोडलं नाही.
त्यांनी खोडलं, लाल शाईनं,
बाजूला लिहिलं: भाजीपाला नको.

एवढ्यात दारात एक मुलगी,
ओम्दुरमानची, इख्लास नाव,
फाईल छातीशी धरून, आत येऊ का विचारत.
परीक्षा विभागातून खुर्ची ओढत आणली,
एक पाय आखूड निघाला,
मसुद्याची घडी घालून खाली सारली.
बसा.

फॉर्ममध्ये तो रकाना रिकामाच.
नाव लिहिलं माझं,
मग कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.
तिथं लिहायला लागलो:
पाणी आठव्या दिवशी येतं.
टाकी आमच्या घरी आहे.