उभे कुठे राहणार

जोहरभाईंनी कपाटातून दोन लेन्स काढल्या
आणि जुन्या टॉवेलवर शेजारी शेजारी निजवल्या.
एक पांढरी, दोनशेवर थांबणारी,
तोंड मोठं, कडेला नखाएवढा ओरखडा.
दुसरी काळी, सहाशेपर्यंत लांबणारी,
उचलली की आधी मनगटाला कळते, मग डोळ्याला.
बाहेर मार्चची सीताबर्डी,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

"पैशाचं मागाहून," जोहरभाई म्हणाले.
"पहिले सांगा भाऊ, उभे कुठे राहणार?"

सतरा वर्षं मी लग्नं काढतो.
तिथं कुठे उभं राहायचं ते भटजी सांगतात,
नाहीतर नवरीचा मामा.
हिंगणा रोडच्या त्या उकरलेल्या मैदानावर
कोणी सांगत नाही.
जुन्या टायरांची भिंत, एक पिवळा दोर,
टँकर पाणी मारून गेला की दहा मिनिटं चिखल,
मग पुन्हा धूळच धूळ,
आणि उंचवट्यामागून आधी आवाज वर येतो,
मग हँडल,
मग माणूस.

दुकानाच्या पायरीवरून काळी लेन्स
व्हरायटी चौकाकडे लावली.
सिग्नल सुटला तसा एकेका गाडीसोबत कमरेतून वळत गेलो,
शटर मुद्दाम संथ ठेवलेलं.
वीस फोटो. एकोणीस वाहून गेले.
विसाव्यात स्कार्फ गच्च गुंडाळलेली एक पोरगी,
नुसते डोळे,
इतके जवळ की मीच नजर खाली घातली.

"लेन्स चांगलीच आहे," जोहरभाई म्हणाले,
"पण अकरा वाजले की तुमच्या मैदानावर हवा उकळते.
सहाशेवर मोटारसायकल नाही येत मग, वाफ येते.
वाफेसाठी एवढे पैसे घालू नका."

डिसेंबरात माझ्याकडे साधी पन्नासची होती,
म्हणून अगदी दोराला चिकटून उभा होतो.
तिसऱ्या वळणावर प्रणय उईके गाडीखाली गेला.
कॅमेरा छातीवर आपटत राहिला
आणि मी पळालो, गाडी उचलली.
संध्याकाळी गॅरेजवाले विचारत होते,
फोटो भेटला का पडतानाचा?
मी सायलेन्सरनं भाजलेला तळवा दाखवला.

सहाशे असती तर सगळं मिळालं असतं:
गॉगलमागचे डोळे, उडालेली पावलं, दातात आलेली माती.
आणि मी दोनशे पावलं लांब,
एक डोळा मिटून.

याचा अर्थ मी भला माणूस आहे असं नाही.
तो फोटो अजून स्वप्नात येतो, एकदम शार्प,
आणि जाग आली की चुकल्यासारखं वाटतं.

परवा प्रणय दुकानावर आला होता,
जरीपटक्याहून, हाताला ग्रीस तसंच.
"भाऊ, रविवारचा एक फोटो पायजे.
दोन्ही चाकं हवेत.
देवलापारला मायले पाठवाचा हाये."
मग जरा थांबून,
"पण मी हाओ हे तिले समजलं नाई पायजे.
मले मात्र समजलं पायजे."

असं गिऱ्हाईक लग्नात कधी भेटत नाही.

मी पांढरी उचलली.
"ओरखड्याचं काय?"
"ओरखडा फोटोत येत नाही," जोहरभाई म्हणाले,
"किमतीत येतो."
आणि वहीत माझ्या नावापुढं
उरलेले साडेसात हजार लिहिले, पेन्सिलीनं.

रविवारी दोराच्या अलीकडे, गुडघा मातीत टेकून,
आवाजाची वाट पाहिली.
बहुतेक फोटो गेले.
एकात दोन्ही चाकांखाली ऊन होतं,
सत्तेचाळीसमधला चार धुळीनं खाल्लेला,
हेल्मेटच्या जागी नुसती चकाकी.

प्रणयनं दोन बोटांनी तो मोठा केला,
आणखी मोठा,
चौकोन चौकोन होईपर्यंत.
"मीच हाओ," म्हणाला. डावा कोपर असाच बाहेर जातो त्याचा.
मग तिथंच, हेल्मेट काखेत धरून, पाठवून दिला.

"काय सांगशील मायले?"

"सांगतो, नागपुरात असेई लोक राह्यतात."