शिंगाला बूड नसतं

टिमकीत, हेडाऊंच्या कूलरच्या गोदामात
भिंतींना वाळ्याच्या पट्ट्या ठोकून आम्ही आवाज कोंडला.
मे महिना, रात्रीचे साडेनऊ,
पत्र्याला अजून हात लावता येत नव्हता.

मीड मी केली होती.
पाण्याच्या जारमध्ये मेळघाटचा मध, मूठभर मनुका,
तोंडाला रबराचा फुगा.
फुगा डिसेंबरात टच्च फुगला, होळीला बसला.
सुगत म्हणाला, गेलं वाटते बे तुझं पोरगं.

कृती विचारशील तर :
मीड तीन भाग.
मृग बहाराची शेवटची संत्री, सालीने सुरकुतलेली,
त्यांचा रस एक भाग.
त्या बर्फाळ मुलखातलं निळं कडवट फळ टिमकीत कुठलं?
म्हणून कबाबचिनी, इतवारीतून दहा रुपयांची.
वर दगडफूल, तव्यावर धूर सोडेपर्यंत भाजलेलं,
सावजीच्या रश्शाला लागतं तेच.
बर्फ फॅक्टरीचा, गोणपाटात घालून फोडलेला.

शिंग म्हशीचं, कामठीच्या एका कंगवेवाल्याकडून.
उकळलं, घासलं, आतून मेण फिरवलं,
तरी पहिल्या घोटाला गोठा आठवायचाच.

कुठल्या गाण्याला कसा घोट, ते वहीत लिहून नेलं होतं.
मी ऑडिटचा माणूस, मला रकाने लागतात.
चिखलातून ट्रक ओढावा तशा संथ रिफला : कोरी मीड, बर्फ नको.
डबल बेस सुटली की : संत्रं वाढवा.
चारुलता पोटातून गुरगुरते तेव्हा :
घोट तोंडातच धरा, गिळू नका.
तिसऱ्या गाण्याला वहीची पानं घामाने चिकटली.

आणि एक गोष्ट वहीत नव्हतीच.
शिंगाला बूड नसतं.
ते ठेवता येत नाही.
संपवा, नाहीतर धरून बसा.
सुगतचे दोन हात, दोन पाय, सगळे कामावर.
मग मुर्तझा, जो पीत नाही,
बेसला चार मात्रा सुट्टी मिळाली की
नाक दुसरीकडे वळवून शिंग त्याच्या तोंडाला लावायचा,
आजाऱ्याला औषध पाजावं तसा.

चौथ्या गाण्यात लाइट गेली.
गिटार मध्येच मेली. कूलरचं पातं
गरगर, गर, ग.
चारूचा आवाज माइकशिवाय केवढासा निघाला,
तिची तीच हसली.
सुगत थांबला नाही. ढोलाला कुठे मीटर असतं?

जिन्यावरून बॅटरी घेऊन तिचे बाबा उतरले.
सोमाजी हेडाऊ. बत्तीस वर्षं हातमाग,
मग मागाचं लाकूड विकलं, मग हे कूलर.
आम्हाला वाटलं, आता बंद करायला लावतात.
ते सुगतच्या पायांकडे बघत राहिले.
"काहून बे, डावा पाय उशिरा टाकून राहिला?"
आणि चप्पल काढून, उभ्यानेच,
फरशीवर दोन पायांनी दाखवलं :
पावडी दाब, धोटा फेक, फणी ठोक,
खट्, खटा खट्, खट्.
सुगतने ते उचललं.

मुर्तझाच्या हातातून त्यांनी शिंग घेतलं, हुंगलं.
"मोहाची नाई वाटत."
"मधाची आहे, बाबा."
"हाव?"
प्यायले. ठेवायला जागा शोधली,
टेबल, स्टूल, कूलरची टाकी. कुठेच टेकेना.
मग धरूनच उभे राहिले,
बॅटरी छताकडे, शिंग छातीशी,
अख्खं गाणं.

लाइट आली. आधी कूलर, मग अँप, मग आम्ही.
बाबा वर गेले ते शिंग घेऊनच.
चारू सांगते, खिळ्याला टांगलंय,
त्यात जुन्या धोट्याच्या कांड्या ठेवतात.
मागायला गेलो होतो एकदा. चहा पिऊन परत आलो.

आता आम्ही स्टीलच्या ग्लासात पितो.
चव तीच, संत्र्याची, धुराची.
प्रत्येकाचा ग्लास प्रत्येकाच्या पायाशी उभा.
कुणाला सांगावं लागत नाही,
जरा धर रे.