रेंज दारात येते

फोन ओढणीआड धरून
ती मिक्सरच्या खोक्यावरचा नंबर टिपते.
मी वहीत मान घालतो,
बेरीज दुसऱ्यांदा चुकते.

"आली बघा फुकटी," सुभान पुटपुटतो.
गप की. स्टूल दे त्यांना.
आणि सांग, आत रेंज नाही,
दारात पंख्यांच्या खोक्यांपाशी चांगली येते.

ती दचकते.
"तीनशे चाळीस कमी दावतंय."
तेवढं नाही जमणार ताई, शंभर सोडतो.
पण आधी हे खोबरं वाटून बघा,
चटणीला किती तापतोय, हात लावा.
मग कुठनं बी घ्या.
वॉशर गेला तर राजारामपुरीत मी हायच.

"घरी विचारून येते," म्हणत ती जाते.
सुभान माझ्याकडं बघत राहतो.

मी चष्मा पुसतो.
महाद्वार रोडला कागवाड्यांच्या आरशात
सात फ्रेमा घालून बघितल्या होत्या,
एकीचा नंबर पाठ केला,
म्हणालो, घरी विचारून येतो.
चहा पाजला होता त्यांनी.

चौथ्या दिवशी खोकं घरपोच आलं.

अजून त्या रस्त्याला लागलो
की चष्मा काढून खिशात ठेवतो.
अंबाबाईचं शिखर
धूसरच दिसतं.