खटका

कचरूनाना आहेरांचा चाकू
त्यांच्या सुनेनं आणून दिला, दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
म्हणाली, उघडला तर बघा,
नाहीतर बुधवारच्या बाजारात जाईलच किलोवर.

मोहाडीचे नाना.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत कलमं बांधत हिंडले.
जंगली खुंट चिरायचा, पाचर बसवायची, पट्टी आवळायची,
पुढच्या झाडाकडे सरकायचं.
स्वतःच्या दारात वेल नाही, एक तगर आहे.

चाकू म्हणजे विटेचा तुकडा झालेला.
पातं कुठं संपतं, मूठ कुठं सुरू होते, कळेना.
यासीन म्हणाला, ताई, पकड लावू?
मी म्हटलं, पकड लाव, पकडच उघडेल.

सातपूरच्या टूलरूममध्ये एकोणीस वर्षं काढली मी,
गंज ओळखते.
वरचा नारिंगी बडबड्या असतो, चिंधीनं पुसला तरी जातो.
खालचा काळा बोलत नाही.
त्याच्याशी घाई केली
तर पातं त्याच्या बाजूनं जातं.

रॉकेल आता मिळत नाही.
त्र्यंबक रोडच्या पंपावरचा पोरगा
बाटलीत डिझेल देईना, नियम आहे म्हणाला.
चाकू दाखवला.
उलटासुलटा करून बघितला त्यानं,
आणि पावशेर दिलं, पावती न फाडता.

लोणच्याच्या बरणीत तीन दिवस.
चौथ्या दिवशी व्हायसच्या ओठांना तांब्याचे पत्रे लावले,
भांडी बाजारातल्या कातरणाचे,
आणि त्यात मूठ धरली, लहान मुलाचं मनगट धरावं तशी.
सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
मग चहा.
मग एक थेंब.
यासीननं पॉलिश पेपर काढला, मी परत ठेवायला लावला.
पात्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं,
ते घासून गेलं की चाकू बेवारशी.

संध्याकाळी, पाणी यायच्या वेळेला,
केसभर हललं.
चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी आलं सांध्यातून.
परत मिटलं, परत केसभर, परत मिटलं.
उघडण्यापेक्षा मिटण्यातच जास्त काम असतं
हे यासीनला सांगितलं,
पण तो मोबाइलवर होता.

पुरतं उघडलं तेव्हा कळलं,
सगळा दोष गंजाचा नव्हताच.
खटक्याच्या खाली, स्प्रिंगच्या बेचक्यात,
नखाएवढी हिरवी पट्टी अडकलेली,
कलमावर आवळतात ती, प्लॅस्टिकची.
एखाद्या सप्टेंबरात घाईत मिटला असणार त्यांनी.

रविवारी स्कूटरवर मोहाडीला गेले.
नानांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी गेलाय,
मूठ वळलेली ती वळलेलीच.
डाव्या हातात घेतला चाकू,
नखाच्या खाचेत दात अडकवून उघडला,
आधी वास घेतला.
डिझेल, म्हणाले. तोंड वाकडं केलं.

हिरवी पट्टी तळहातावर ठेवली त्यांच्या.
बराच वेळ बघत राहिले.
सून स्वयंपाकघरातून बाहेर आली, थांबली.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
म्हणाले, ही पिंपळगावची नाही.
तिथले पांढरी द्यायचे.

मग चाकू मिटला, उघडला, मिटला.
खटका हलका केलास तू.
आधी जड होता. आता खिशात उघडेल,
मांडी कापून घेऊ का या वयात?

परत आणला.
ऐरणीवर ठेवून रिबिटीवर एकच ठोका दिला, छोट्या हातोडीचा.
मिटून पाहिलं.
फोन लावला, सुनेनं त्यांच्या कानाला धरला,
इकडे मी चाकू धरला फोनजवळ.
ऐका, म्हटलं.

खट्.

तिकडे कुणाच्या तरी बागेत ट्रॅक्टर फवारत होता,
तेवढाच आवाज येत राहिला.

मग नाना म्हणाले,
अजून अर्धा ठोका.