चौथी स्लाइड

"दिसतंय का सगळ्यांना?"
मी विचारते, आणि तिकडून
कुणीतरी "येस येस" म्हणतं इतक्या घाईनं
की दिसतंय म्हणून म्हणाले की सुटावं म्हणून, कळत नाही.

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीचं माळ्यावरचं केबिन.
पत्र्याला टेकून राउटर. खाली फेटलिंगचा ग्राइंडर,
जो मी अकरा ते बारा गप्प बसवलाय
चहा-भज्यांच्या बोलीवर.
दाराशी अवधूत, दोन्ही हातांत वायर धरून.
हलला तर होसूर तुटतं.

होसूर, फरिदाबाद, पुणे:
तीन काळे चौकोन, चौकोनात दोन-दोन अक्षरं.
माणसं तेवढीच आली होती मीटिंगला.

परत आलेल्या एकशे चाळीस पंप-केसिंगचा हा जबाब.
बावीस स्लाइड्स.
रात्री दोनपर्यंत जागून केलेल्या;
बाण लावले, बाणांचे रंग बदलले,
"आमची चूक" खोडून "निरीक्षण" लिहिलं.

पाचवी. सहावी. वाळूतल्या ओलाव्याचा आलेख
चढत गेला, त्याच्या मागोमाग माझा आवाज.
सातवीवर मी एक विनोद केला.
तो बहुतेक खंबाटकी घाटात बंद पडला.
आठवी. नववी.
अकरावीवर मी "यापुढे असे होणार नाही"
या वाक्याच्या अगदी तोंडाशी,
तेव्हा पुण्याचा चौकोन खाकरला:
"मॅडम, आमच्याकडं मघापासून अंगठाच आहे."

अंगठा.
म्हणजे चौथी.
केसिंग उजेडाकडं तिरकं धरलेलं, कडेला ब्लोहोल,
आणि त्याला खेटून दस्तगीरमामांचा अंगठा,
नख अर्धंच,
रेघारेघांत बसलेली काळी वाळू.
फोटो कापायचा होता मला. राहून गेला.

नऊ मिनिटं
तीन गावं एका अंगठ्याकडं बघत बसली होती.
माझे बाण, माझं निरीक्षण
या पत्र्याखालीच तापलं आणि निवलं.

"कुणाचा आहे हा?" फरिदाबादनं विचारलं.
बावीस स्लाइडांत या प्रश्नाला जागा नव्हती.
"आमचे मोल्डर. दस्तगीर मुल्लाणी. चौतीस वर्षं झाली."
"मग त्यांनाच विचारू ना."

जिन्यातून हाक मारली.
मामा वर आले टोपी नीट करत,
सवयीनं चप्पल दाराबाहेर काढून.
"कुठं बघून बोलू?"
"त्या हिरव्या ठिपक्याकडं."
"तितं कोन हाय?"
"तिघं आहेत."
मामांनी ठिपक्याला सलाम केला, तिघांना पुरेल असा.

"वाळू वली हुती, सायब.
मुठीत धरली तवाच उमगलं.
पर भट्टी तापलेली, गाडी दारात उभी.
म्हटलं, निभल.
निभलं न्हाई."

मी डोळे मिटून घेतले.
खोडलेला शब्द असा
चप्पल काढून केबिनमध्ये येईल, वाटलं नव्हतं.

उघडले तर होसूरचा चौकोन उजळलेला:
एक पोरगेलासा इंजिनिअर, कानामागं पेन,
शेजारी झाकलेला डबा.
"मुठीत धरून कसं कळतं?"

मामा काही न बोलता खाली गेले.
आम्ही चौघं त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिलो.
परत आले ते मूठ भरून.
पडद्यासमोर दाबली,
म्हणाले, "आता हित ध्यान द्या,"
आणि तेवढ्यात अवधूतला शिंक आली.

ऑर्डरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल.

इकडं मामांनी मूठ उघडली,
वाळूचा गोळा मधोमध मोडून दाखवला,
कडा कशा तुटल्या ते बोटानं सांगितलं,
थोडी वाळू माझ्या की-बोर्डात गेली.
तिकडं, तिन्ही गावांत,
मूठ अजून बंद आहे.